जुने ड्रम विकायचे तर आधी कोणते?

मुंबईत जुने ड्रम जमवणाऱ्याचा छंद पैशांपेक्षा जागेपाशी अडतो. पलंगाखाली स्नेअर (खाली तारा ताणलेला छोटा ड्रम), माळ्यावर टॉम (बिनतारांचा मध्यम ड्रम), बाल्कनीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला २२ इंची बेस ड्रम, आणि दर दिवाळीच्या साफसफाईत घरच्यांचा तोच प्रश्न. शेवटी विकायचं ठरतं. मग माणूस फोन उघडतो, परदेशी साइटवर त्याच नावाच्या ड्रमचा आकडा बघतो आणि सगळ्यात मोठा आकडा असेल तो ड्रम विकायला काढतो.

ही उलटी सुरुवात आहे. भाव सगळ्यात शेवटी बघायचा. त्याआधी प्रत्येक ड्रमला तीन प्रश्न विचारायचे: इथल्या हवेत तो माझ्याकडे टिकतोय का? गेला तर पुन्हा मिळेल का? आणि मी तो वाजवतो का? या क्रमाने गेलात तर निकाल बऱ्याचदा अपेक्षेपेक्षा वेगळा लागतो. कपाटात जपून ठेवलेला चकचकीत ड्रम विकायच्या बाजूला जातो आणि चार फालतू भोकं पाडलेला, कोणी फारसे पैसे देणार नाही असा ड्रम घरी राहतो.

पहिलं काम: सगळं एकदम खाली काढा

हे काम पावसाळ्यात करू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. हवा कोरडी असते, त्यामुळे लाकूड आणि कातडं त्यांच्या खऱ्या अवस्थेत दिसतात. हॉलमध्ये जुनी चादर पसरा आणि माळ्यावरचं, पलंगाखालचं, मित्राच्या गाळ्यात ठेवलेलं सगळं एका दिवशी एका जागी आणा. तुकड्यातुकड्यांनी बघितलं तर ‘हा ठेवूया’ हेच प्रत्येक वेळी तोंडातून निघतं. एकाच मापाचे तीन स्नेअर शेजारी शेजारी ठेवले की निर्णय आपोआप सोपा होतो.

सुटे भागही आणा. स्टँड, पेडल, बेस ड्रमचे पाय, टॉमचे होल्डर, डब्यातले टेन्शन रॉड (ड्रम ताणायचे लांब स्क्रू), पिशवीतले लग (हे स्क्रू ज्यात बसतात ते ड्रमच्या अंगावरचे तुकडे). एखादा सेट अपुरा वाटत असतो आणि त्याचा होल्डर दुसऱ्याच सेटला लागलेला सापडतो.

आता एक वही घ्या. प्रत्येक ड्रमला एक पान. व्यास आणि खोली इंचांत, लग किती, बॅज (कंपनीच्या नावाची पट्टी) कसला, सीरियल नंबर असल्यास तो, रॅपचा (बाहेरच्या प्लास्टिक आवरणाचा) रंग, शेलच्या (ड्रमच्या पोकळ अंगाच्या) आतला रंग, आतल्या बाजूला रिंग आहे का, आणि मूळची नसलेली भोकं किती. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, त्यावर पुढे येतोच.

फोटो काढा, पण पुसण्याआधी. पॉलिश तर अजिबात नको. भांडी घासायची पावडर, चिंच, ब्रासो हे सगळं पितळी समईसाठी ठीक आहे. जुन्या निकेलवर आणि क्रोमवर त्याने बारीक ओरखडे पडतात, पातळ मुलामा निघून जातो. रॅपवर ॲसिटोन किंवा थिनर लागला तर सेल्युलॉइड विरघळतं, आणि ते परत आणता येत नाही. कोरडं मऊ फडकं आणि मेकअपचा ब्रश पुरेसा आहे. जाणकार गिऱ्हाईक धूळ माफ करतं, घासलेला बॅज माफ करत नाही.

दुसरं काम: आपल्याकडे नक्की काय आहे?

मुंबईतले जुने सेट सहसा सरळ नसतात, आणि त्याला कारण आहे. १९९१ च्या आधी परदेशी वाद्य आणायचं म्हणजे परवाना आणि जबर आयात शुल्क. जे आलं ते बोटीवर नोकरी करणाऱ्यांबरोबर, हॉटेलांच्या बँडमधल्या वादकांबरोबर, दौऱ्यावरून परतणाऱ्यांच्या सामानातून. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये पाश्चात्त्य तालवाद्यं रुळवली ती गोव्याच्या आणि पारशी वादकांनी. कावस लॉर्ड आणि त्यांचे मुलगे केरसी व बुर्जोर ही त्यातली मोठी नावं. या लोकांना ड्रम रोज लागत होता. रॉड तुटला तर लेथवाल्याकडून करून घ्यायचा, होल्डर मोडला तर दुसऱ्या कंपनीचा बसवायचा, त्यासाठी शेलला भोक पाडायचं. पुढे १९८५ मध्ये रोलंडचं ऑक्टापॅड हे काठीने वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य आलं, ऑर्केस्ट्रांना ते सोयीचं पडलं आणि कितीतरी सेट माळ्यावर गेले. म्हणून आज हातात येतो तो ड्रम अर्धा शिकागोचा आणि अर्धा लालबागच्या वर्कशॉपचा असू शकतो. त्यात कमीपणा काही नाही, फक्त ते आपल्याला माहीत असायला हवं.

बॅजवर विसंबू नका. बॅज सहसा हवेच्या भोकात बसवलेल्या धातूच्या एका कडीने धरलेला असतो, तो काढून दुसरीकडे बसवता येतो. शेल काय सांगतं ते बघा.

लडविग या शिकागोच्या कंपनीचं उदाहरण घेऊ, कारण गिऱ्हाईक आधी तेच विचारतं. १९६० च्या दशकातला कीस्टोन बॅज सगळ्यांना ठाऊक असतो. १९६३-६४ च्या सुमारास त्यावर सीरियल नंबर यायला लागले. १९६९ च्या सुमारास निळा-ऑलिव्ह बॅज आला. पण नंबरावरून नेमकं वर्ष काढणं धोक्याचं, कारण कारखान्यात बॅज क्रमवार लावले जात नव्हते. त्यापेक्षा टॉर्च घेऊन आत बघा. बऱ्याच शेलांत तारखेचा शिक्का असतो. आतला रंगही बोलतो: आधी पांढरा, मग १९६० च्या दशकात करडा ठिपकेदार, १९६८ च्या सुमारापासून नुसतं वॉर्निश केलेलं लाकूड. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत शेल तीन पदरी आणि वर-खाली रिंग असलेलं, नंतर सहा पदरी आणि बिनरिंगचं. बॅज तो जुना कीस्टोन आणि शेल सहा पदरी असेल, तर बॅज दुसरीकडून आला आहे हे समजून चाला.

धातूच्या स्नेअरला लोखंड आहे का हे बघायला चुंबक लावा. चिकटला तर स्टील. चिकटला नाही तर बहुधा पितळ किंवा ॲल्युमिनियम, आणि हे दोन हातात घेतल्याबरोबर वजनाने कळतात. शंका असेल तर स्ट्रेनरचा (तारा ताणायच्या खटक्याचा) एक स्क्रू काढून भोकाच्या कडेला बघा, पितळ असेल तर पिवळं दिसेल. लडविगच्या सुप्राफोनिक या स्नेअरमध्ये सुरुवातीची थोडी शेल पितळेची होती, पुढची ॲल्युमिनियमवर क्रोम चढवलेली. दोन्हींच्या भावात बराच फरक पडतो.

ग्रेच या दुसऱ्या अमेरिकन कंपनीत गोल बॅज १९७१ पर्यंत, त्यानंतर अष्टकोनी. आतून चंदेरी रंग आणि ओतीव जाड हूप (वाजवायचा पडदा दाबून धरणारं कडं) या त्यांच्या खुणा. स्लिंगरलँडच्या रेडिओ किंग स्नेअरचं शेल प्लायवूडचं नसून वाफेवर वाकवलेल्या एकाच मेपल फळीचं असतं. जोडाची तिरकी रेघ आतून शोधा. रॉजर्सच्या डायनासॉनिकला खालच्या तारा एका चौकटीत ताणलेल्या असतात. ती चौकट हरवली असेल तर तो ड्रम अर्धाच राहिला.

आपल्याकडे सगळ्यात जास्त सापडतो तो इंग्लंडमधल्या लेस्टरचा प्रीमियर. आणि त्यात एक गोम आहे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत प्रीमियरची शेल आजच्या मापापेक्षा किंचित मोठी होती. म्हणजे १४ इंची म्हणून विकत घेतलेलं आजचं हेड (वाजवायचा पडदा) त्यावर घट्ट बसतं किंवा बसतच नाही. दुकानातून एक हेड आणून लावून बघा आणि निकाल वहीत लिहा. हे न सांगता विकलंत तर दुसऱ्या दिवशी फोन येणारच. बाकी बर्चचं पातळ शेल, बीचच्या रिंगा आणि त्यांचं क्रोम फार चांगलं. खाऱ्या हवेत इतकी वर्षं काढून प्रीमियरचे हूप अजून चमकताना दिसतात.

जपानी सेटांबद्दल थोडक्यात. पर्ल, स्टार (ज्याच्या कंपनीने १९७४ पासून टामा हे नाव घेतलं) आणि वेगवेगळ्या दुकानांच्या नावांनी आलेले १९६० च्या दशकातले सेट लुआन या हलक्या लाकडाचे असतात. त्यांना संग्राहकांत फारशी मागणी नाही. आवाज मात्र मऊ आणि गोड निघतो. शिकणाऱ्या मुलासाठी यापेक्षा चांगली सुरुवात नाही, त्यामुळे भावासाठी अडून बसू नका. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनचे वरच्या श्रेणीतले यामाहा आणि टामा ही वेगळी गोष्ट. ते आजही स्टेजवर बिनदिक्कत उभे राहतात.

तिसरं काम: हवेची परीक्षा

परदेशातले मार्गदर्शक लेख हा भाग दोन ओळींत उरकतात. मुंबईत सगळा निर्णय इथेच होतो.

जुलैमध्ये इथल्या हवेतली आर्द्रता दिवसेंदिवस ८० टक्क्यांच्या वर असते. वाद्याच्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के बरे. समुद्र जवळ असेल तर मिठाचा थर वेगळा. अशा हवेत प्रत्येक ड्रम थोडा थोडा खराब होत असतो, पण सगळे सारख्या वेगाने होत नाहीत. तुमच्याकडे कुठला वेगाने जातोय हे शोधणं म्हणजे ही परीक्षा.

ॲल्युमिनियमवरचं क्रोम हे सगळ्यात वाईट. सुप्राफोनिकवर आधी सुईच्या टोकाएवढे ठिपके पडतात, मग फोड येतात, मग पोपडे. हा त्या ड्रमचा जगभरचा आजार आहे, पण खाऱ्या हवेत तो धावतो. थांबवता येत नाही. पुन्हा मुलामा चढवला तर मूळपण जातं. उलट त्याच कंपनीचा ॲक्रोलाइट, ज्यावर क्रोम नसून ॲनोडाइझ केलेला करडा थर असतो, तो इथे मजेत राहतो. माझं मत स्पष्ट आहे: स्वच्छ सुप्राफोनिक हातात असेल आणि घरात डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा शोषणारं यंत्र) नसेल, तर तो आज विका. पाच पावसाळ्यांनंतर तोच ड्रम ठिपक्यांसकट विकावा लागेल. ठिपके आधीच पडलेले असतील तर घाई संपली, निवांत वाजवा.

रॅपचं पुढचं. जुन्या मोत्यासारख्या आणि चमकीच्या रॅपमध्ये सेल्युलॉइड असतं. ते वर्षानुवर्षं आकसतं, जोडापाशी सुटतं, कधी आडवं तडकतं. पांढरा मोती पिवळा पडतो. वरचा पारदर्शक थर पिवळा पडला की निळी चमकी हिरवी दिसायला लागते आणि चंदेरी सोनेरी. हे रंग बदललेले ड्रम काही संग्राहकांना आवडतात, म्हणून ‘रंग गेला’ असं लिहू नका, फोटो द्या. जोड उचलला गेला असेल तर फेविकॉल घालून दाबायचा मोह आवरा. आणखी एक, हे सेल्युलॉइड ज्वलनशील असतं. देवघराच्या दिव्याजवळ किंवा गच्चीवरच्या पत्र्याच्या पेटीत त्याला ठेवू नये.

शेल गोल आहे का ते मोजा. हेड काढून टेपने दोन काटकोनी दिशांना व्यास घ्या. फरक दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे गेला तर ट्यूनिंगला त्रास होणार. मग बेअरिंग एज, म्हणजे शेलची ती कड जिच्यावर हेड टेकतं. यासाठी महागडी सपाट लादी लागत नाही, स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा चालतो. ओटा पुसून कोरडा करा, शेल त्यावर उलटं ठेवा, आत टॉर्च लावा, दिवे घालवा. कडेखालून उजेड जिथून झिरपेल तिथे कड खाली गेली आहे. बेस ड्रम ओट्यावर मावणार नाही. त्याला काचेचं टेबल शोधा.

शेलवर बोटांनी टिचक्या मारत फिरा. पदर सुटले असतील तिथे आवाज फुटका येतो. लाकडाच्या पिठासारखी पावडर खाली पडत असेल तर भुंगा लागलाय. असा ड्रम त्याच क्षणी इतरांपासून दूर करा, आणि गिऱ्हाइकाला ते सांगितल्याशिवाय विकू नका. दुसऱ्याच्या घरी कीड पाठवणं यापेक्षा फुकट देणं बरं, आणि फुकट देतानाही सांगा.

लग बघा. ओतीव जस्ताच्या लगांना स्क्रूपाशी केसासारखे तडे जातात. रॉजर्सच्या जुन्या पातळ पत्र्याच्या पितळी लगांना तर हा शापच होता. तडा गेलेला लग ताणला की तुटतो, आणि त्याचा जोडीदार मुंबईत मिळवणं हे वेगळंच प्रकरण. कातड्याची हेड अजून लागलेली असतील, म्हणजे १९५७ च्या सुमारास प्लास्टिकची हेड बाजारात आली त्याआधीच्या धाटणीचा ड्रम असेल, तर पावसात ती सैल आणि उन्हात ताठ होतात. ती हूपसकट काढून वेगळी ठेवा, टाकू नका.

आता वहीत प्रत्येक ड्रमपुढे लिहा: टिकतोय, हळू जातोय, वेगाने जातोय. ‘वेगाने जातोय’ आणि ‘अजून चांगला दिसतोय’ हे दोन्ही ज्याच्यापुढे आलं, तो विक्रीच्या यादीत पहिला.

चौथं काम: पुन्हा मिळेल का?

इथे मी एक साधी कसोटी वापरतो, ती म्हणजे सुटकेस. १४ इंची स्नेअर मोठ्या चेक-इन बॅगेत आडवा मावतो. न्यू जर्सीतला भाऊ किंवा लंडनची मावशी सुट्टीला येताना तो आणू शकते, कस्टम्सचे त्या वेळचे नियम बघून. २२ इंची बेस ड्रम कोणीही आणणार नाही. त्याला बोटीचं किंवा विमानाचं भाडं, त्यावर शुल्क, त्यावर क्लिअरिंगवाल्याचा खर्च.

म्हणून स्नेअर गेला तरी परत येऊ शकतो. बेस ड्रम आणि १६ इंची फ्लोअर टॉम (पायांवर उभा राहणारा मोठा टॉम) गेले की गेले. गंमत म्हणजे विकायला सोपा तोच स्नेअर असतो, कारण कुरियरने जातो, आणि मोठ्या ड्रमला गिऱ्हाईक घराजवळचंच लागतं. दोन्ही बाजूंनी हिशेब एकच सांगतो: अडीअडचणीला स्नेअर विका, मोठे ड्रम धरून ठेवा.

संख्या हाही मुद्दा. सुप्राफोनिक दुर्मीळ नाही, तो प्रचंड संख्येने बनला. रेकॉर्डिंगवर सगळ्यात जास्त ऐकू येणाऱ्या स्नेअरांमध्ये त्याचं नाव घेतात ते त्यामुळेच. परदेशात तो रोज विकला जातो. १८ इंची बेस ड्रमचा छोटा जॅझ सेट मात्र फार कमी फिरतो, आणि मुंबईच्या फ्लॅटमध्ये वाजवता येईल असा तोच. असा सेट असेल तर मी तो शेवटपर्यंत विकणार नाही.

जुळलेला सेट फोडू नका. एकाच रॅपचे, एकाच काळातले बेस ड्रम, टॉम आणि फ्लोअर टॉम एकत्र असतील तर त्यांचा भाव तिघांच्या बेरजेपेक्षा जास्त असतो. कोणी फोन करून ‘फक्त टॉम द्या, तुम्ही सांगाल ते देतो’ म्हणतं. टॉम दिलात की उरलेले दोन वर्षानुवर्षं घरी बसतील. उलट एकटे राहिलेले ड्रम, ज्यांची भावंडं कधीच सापडणार नाहीत, ते आधी काढायला हरकत नाही. कोणाच्या तरी अपुऱ्या सेटला नेमका तोच हवा असतो.

आणि आता तो भोकांचा रकाना. कारखान्यात न पडलेलं प्रत्येक भोक संग्राहकाच्या दृष्टीने भाव खाली आणतं. नवा रॅप, कापून खोली कमी केलेलं शेल, नव्याने कोरलेली कड, यांनीही तेच होतं. पण कानाला यातलं बहुतेक काही कळत नाही. ऑर्केस्ट्राच्या काळात दुसरा टॉम बसवायला पाडलेलं भोक आवाज बिघडवत नाही. मग अशा ड्रमचं काय करायचं? ठेवायचा आणि बिनधास्त वाजवायचा. बाजारात त्याला कमी मिळणार, आणि तुमच्या हाताला तो तेवढंच देणार जेवढं बिनभोकाचा देतो. पावसाळी शोला नेताना जीव वरखाली होत नाही, हा फायदा वेगळा. बिनभोकाचा ड्रम ज्याला कपाटात ठेवायचा आहे आणि ज्याच्याकडे एसी खोली आहे, त्याच्याकडे जाऊ दे.

पाचवं काम: वाजवून बघा, पण न्याय्य पद्धतीने

जुन्या, दबलेल्या हेडवर कुठलाच ड्रम खरं बोलत नाही. स्पर्धेत असलेल्या ड्रमांना निदान वरचं हेड एकाच कंपनीचं, एकाच प्रकारचं नवीन लावा. स्नेअर असतील तर ताराही नीट बघा. एकाच सुरावर आणा. तासाच्या भाड्याने मिळणारी सरावाची खोली घ्या, घरी हे करू नका; शेजारी दुपारी झोपतात आणि रात्री १० नंतर कायदा आड येतो.

फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून रेकॉर्ड करा. वाजवणाऱ्याच्या कानाला सगळेच ड्रम आवडतात, कारण हाताला होणारा स्पर्श मध्ये येतो. मग मित्राला बसवून, नाव न सांगता, ऐकवा. आपण ज्याला राजा समजत होतो तो तिसरा येतो, असं होतं.

शोधायचं आहे ते सर्वोत्तम ड्रमपेक्षा एकाच कामाचे दोन ड्रम. ५ इंच खोल ॲल्युमिनियमचे दोन स्नेअर, २२ इंची दोन रॉक सेट. एक ठेवा. निवड अडली तर हवेच्या परीक्षेची पानं उघडा आणि ज्याची प्रकृती नाजूक तो जाऊ द्या.

मागच्या वर्षभरात ज्याला हात लावला नाही तो ड्रम आपोआप विक्रीला जातो, असं काही जण मानतात. मला ते पटत नाही. १८ इंची सेट दोन वर्षं बाहेर काढला नसेल, पण एक दिवस जॅझ वाजवायचं बोलावणं आलं की त्याच्याशिवाय चालत नाही.

आठवणींचे ड्रम

वडिलांचा, गुरुजींचा, पहिल्या पगारातून घेतलेला. हे हिशेबातून बाजूला काढा आणि पुढे चला. मात्र असा एकच असावा. सात ड्रम आठवणींचे निघाले तर घरच्यांचं म्हणणं खरं आहे.

‘पंचमदांच्या रेकॉर्डिंगला वाजलेला’ हे वाक्य मुंबईत विकायला निघालेल्या बऱ्याच ड्रमांबरोबर येतं. सगळं खरं धरलं तर ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये माणसांना उभं राहायला जागा उरली नसती. गोष्टीला पुरावा हवा: ड्रम ओळखू येईल असा जुना फोटो, खरेदीची किंवा भाड्याची पावती, मूळ मालकाच्या हातची चिठ्ठी. तो वादक हयात असेल तर आजच भेटा, फोनवर त्याचं बोलणं रेकॉर्ड करा, ड्रमबरोबर त्याचा फोटो घ्या. पुरावा असलेला ड्रम विकायचाच असेल तर घाईने विकू नका. पुरावा नसेल तर ती गोष्ट घरात सांगायला ठेवा, जाहिरातीत नको.

सिंबल वेगळे काढा

सिंबल म्हणजे सेटबरोबरच्या धातूच्या थाळ्या. सेटबरोबर ‘आणि हे सिंबल’ म्हणून देऊन टाकणं फार सोपं असतं. आधी शिक्का बघा. तुर्कस्तानात बनलेले जुने के झिल्जियान, ज्यांचं उत्पादन १९७० च्या दशकात थांबलं, ते कधी कधी अख्ख्या सेटपेक्षा जास्त किमतीचे निघतात. प्रीमियरबरोबर आलेले झिन आणि सुपर झिन त्या मानाने साधे, पण सुपर झिन हलक्या हाताला छान बोलतो. कडेला आणि मधल्या भोकाशी तडा आहे का ते नखाने तपासा. घासू नका, हिरवट काळपट थरासकट त्यांना किंमत असते. सिंबलला वाळवी लागत नाही, ते आकसत नाहीत, जागा खात नाहीत. हवेच्या परीक्षेत त्यांना पैकीच्या पैकी. मी सिंबल शेवटी विकीन.

भाव आणि सौदा

आता फोन उघडा. रिव्हर्ब किंवा ईबे या परदेशी साइटवर मागितलेली किंमत बघू नका, विकल्या गेलेल्या वस्तूंची यादी बघा. त्यातून तुमच्या ड्रमच्या भोकांची, ठिपक्यांची, हरवलेल्या भागांची वजाबाकी करा. मग विचार करा की गिऱ्हाईक कुठे आहे. परदेशी गिऱ्हाइकाला भाडं आणि त्याच्याकडचं शुल्क भरायचं असतं, तेवढं तो तुमच्या भावातून कापणार. देशातलं गिऱ्हाईक थोडं असतं पण पक्कं असतं: वांद्र्याचे आणि गोव्याचे वादक, कोलकाता आणि शिलाँगचे बँड, जुना आवाज शोधणारे स्टुडिओ. धोबी तलावच्या वाद्यांच्या दुकानांत एक चक्कर मारा. भाव तिथे ठरणार नाही, पण कोण काय शोधतंय ते कानावर येईल. नाताळ आणि थर्टी फर्स्टच्या आधीचे दोन महिने वादक हात मोकळा सोडतात.

विकायच्या आधी भाड्याचाही विचार करा. जुन्या काळावरचा सिनेमा किंवा जाहिरात करणाऱ्या कलाविभागांना जुना दिसणारा सेट हवा असतो, वाजला नाही तरी चालतो. रॅप सुंदर आणि शेल वाकडं, अशा ड्रमला याहून चांगली नोकरी नाही. अनामत घ्या, आणि खिळा मारू नका हे लेखी सांगा.

ड्रम १०० वर्षांहून जुना असेल तर तो परदेशी विकायचा विचार सोडा. पुरावस्तू आणि कला संपदा अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षं ओलांडलेली वस्तू पुरावस्तूत मोडू शकते आणि ती खासगी माणसाला निर्यात करता येत नाही. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीचे अमेरिकन स्नेअर आता या रेषेपाशी आले आहेत.

जाहिरातीत दोष आधी लिहा. प्रत्येक फालतू भोकाचा फोटो, आतल्या बाजूचा फोटो, ओट्यावर टॉर्च लावलेला फोटोसुद्धा. फोनवरच्या निम्म्या चौकशा त्याने गळतात, आणि उरलेल्यांशी घासाघीस कमी होते. ‘मी मिलिटरीत आहे, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा म्हणजे पैसे येतील’ असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही.

कुरियर करताना हेड थोडं सैल करा, पूर्ण काढू नका, म्हणजे कडेला संरक्षण राहतं. स्ट्रेनरभोवती जाड फोम, मग एक खोकं, त्याभोवती चार बोटं भराव, मग दुसरं खोकं. लहान टॉम मोठ्याच्या आत घालून पाठवता येतो, पण मध्ये रजई हवी आणि आतल्या टॉमचा होल्डर काढलेला हवा. बेस ड्रम शक्यतो टेम्पोने, आणि टेम्पोत स्वतः बसून.

सुट्या भागांचा डबा विकू नका, गिऱ्हाइकाने कितीही आग्रह केला तरी. विकलेल्या ड्रमचे जे भाग ओळखू येतात ते त्याच्याबरोबर द्या, बाकीचे मापाप्रमाणे पिशव्यांत घालून, नाव लिहून, सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा. ठेवलेल्या ड्रमचा पुढचा रॉड तुटेल तेव्हा लेथवाल्याला दाखवायला नमुना त्यातूनच निघणार आहे.